राजांगणातलं पाणी आधी बघा
आजचा अख्खा दिवस फोंड्याकडच्या एका जुन्या चौसोपी घरात गेला. पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढायच्यात. रंग, पडदे, फर्निचर यांची चर्चा मागाहून. आधी राजांगणातली, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या चौकातली मोरी. ती तुंबली की पावसात पाणी चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जोत्यात मुरतं आणि भिंत कमरेपर्यंत ओली होते.

इथे नेमकी तीच भिंत कुणीतरी सिमेंटने गिलावून ठेवलीय! चिरा पाणी पितो, ते बाहेर टाकायला त्याला वाट हवी. सिमेंट ती बंद करतं, मग क्षार फुगून पोपडे पडतात. गिलावा खरवडून काढायचा, भिंत पूर्ण सुकू द्यायची आणि मगच चुना: किमान १५ दिवस भिजवलेला, १ भाग चुन्याला ३ भाग वाळू, एका थराला ८-१० मिलिमीटर. आठवडाभर ओलावा राखायचा, नाहीतर तडे.

मंगळुरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात. फुटकी बदलण्याआधी रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आत वाळवी.

न्हाणीघर मात्र जुन्या भिंतीला चिकटवू नका. मागचा रिकामा गोठा आहे की!