पाटीच्या दगडाचं छप्पर: आमची वाटचाल

अमळनेरला आमच्या घरात छपराचं काम वडिलांपासून आहे. तेव्हा छप्पर म्हणजे धाबं, मातीचं सपाट छप्पर. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की वडील आणि काका घरोघरी धाब्यावर पांढरी माती टाकायला, ती चोपायला जायचे. पुढे धाबी मोडली, पत्रे आले, काही बंगल्यांवर मंगलोरी कौलं चढली. मी कामाला लागलो तो पत्र्यांच्या काळात. त्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पोट भरत होतं.

स्लेट हातात आली ती धुळ्याच्या एका बंगल्यामुळे. आम्ही तिला पाटीचा दगडच म्हणतो, कारण लहानपणी ज्या दगडी पाटीवर बाराखडी गिरवली तोच हा. खानदेशात तो निघत नाही. आपला काळा दगड फोडला तर ढेपा निघतात, हा वहीच्या पानांसारखा सुटतो. त्या बंगल्याला उतरता स्लॅब होता. पुरवठादाराने फरशीचा माल पाठवला आणि आम्हीही तो फरशीसारखाच सिमेंटमध्ये चिकटवला. दिसायला देखणं झालं. पण ४५ अंशांच्या उन्हात दगड फुगायचा, रात्री आकसायचा, आणि हळूहळू पकड सुटत गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात एक दगड वळचणीवरून थेट अंगणात आला. दुपारची वेळ होती, म्हणून तिथे मुलं नव्हती. मालाला दोष देता आला असता, पण चिकटवला आम्ही होता. सगळं छप्पर स्वखर्चाने उतरवून दिलं आणि शिकायला निघालो.

हिमाचलात धर्मशाळेजवळ खनियारा आहे. तिथे पाटीच्या दगडाच्या खाणी आहेत आणि कांगड्यात जुन्या घरांवर हाच दगड दिसतो. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने पहिल्या दिवशी मला छपरावर चढूच दिलं नाही. ढिगाजवळ बसवलं आणि एकेक दगड बोटांवर तोलून हातोडीने वाजवायला लावला. खणखणीत वाजला तर घ्यायचा, भद्द वाजला तर आत चीर आहे. मग दगड रात्रभर अर्धा पाण्यात उभा ठेवायचा. सकाळी ओल पाण्याच्या रेघेच्या खूप वर चढलेली दिसली तर तो पाणी पितो, बाद. पिवळ्या चकाकत्या कणांचाही भरवसा नाही, त्यातले काही पुढे गंजून डाग पाडतात. घरी आल्यावर वडिलांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मडकं घेतानाही आपण वाजवतोच की रे." तेव्हापासून आमच्याकडे न वाजवलेला दगड छपरावर जात नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आमच्या गावची एक ताई श्रीवर्धनकडे दिलेली. तिच्या मुलाने समुद्रासमोरच्या उघड्या टेकाडावर नवं घर बांधायला घेतलं, तेव्हा तिचा फोन आला, "भाऊ, वाऱ्याने उडणार नाही असं छप्पर कर." मी लगेच हो म्हणालो नाही. अमळनेरला वर्षभरात पडतो तेवढा पाऊस तिथे एकट्या जुलैत पडतो, आणि तोही आडवा. वारा पाण्याला उतारावरून वर ढकलतो. म्हणून ५०० बाय २५० मिमीच्या दगडाला आमच्याकडे ७५ मिमी ओव्हरलॅप देतो, तिथे १०० दिला. हा ओव्हरलॅप लगेच खालच्या नाही, दोन ओळी खालच्या दगडावर मोजतात. म्हणजे ५०० मधून १०० गेले, उरलेल्याचा अर्धा, प्रत्येक ओळ २०० मिमीच उघडी राहते आणि चौरस मीटरला २० दगड लागतात. खर्च वाढतो, वजनही. ताईच्या मुलाला हे कागदावर मांडून दाखवलं, त्याने मान्य केलं.

जाड दगड वळचणीला, पातळ आढ्याकडे, असा माल आधीच निवडून घेतला. कडेला अर्धा तुकडा बसवायचा मोह होतो, पण त्याला एकच खिळा मिळतो आणि वारा पहिल्यांदा कडाच उचलतो. म्हणून तिथे दीडपट रुंदीचे दगड लावले. खाऱ्या हवेत साधा खिळा टिकत नाही, दगड मात्र टिकतो, म्हणजे चांगला दगड गंजक्या खिळ्यापायी घसरतो. आम्ही तांब्याचे खिळे वापरले. तांब्यावरून ओघळणारं पाणी ॲल्युमिनियमला खातं, म्हणून पन्हळीही तांब्याच्याच केल्या. खिळा ठोकण्यात पोरांचा हात बसायला चार दिवस गेले. घट्ट ठोकला की दगड तडकतो, वर राहिला तर पुढचा दगड त्यावर डुलतो. डोकं भोकात बसलं की हात थांबायला हवा, दगड खिळ्यावर टांगलेला असतो.

यंदा पावसाआधी तिकडे जाऊन आलो. आढ्याजवळ एक दगड तडकला होता. त्याचे खिळे खालून कापले, नवा दगड सरकवला आणि तांब्याची पट्टी दुमडून तो अडकवला. कापलेल्या खिळ्यावर हिरवट छटा होती, दगडावर गंजाचा डाग नव्हता. तो खिळा आता वर्कशॉपच्या टेबलावर आहे. नवीन पोरगा कामाला आला की आधी तो त्याच्या हातात देतो.