नाउमबुर्गची उटा

लाइपझिगहून ट्रेन पकडून आज जर्मनीतल्याच नाउमबुर्ग गावाला जाऊन आले. कॅथेड्रल बघायचं होतं, खरं सांगायचं तर तिथल्या उटाच्या पुतळ्याला बघायचं होतं.

उटा बालेनस्टेटच्या सरदार घराण्यातली. मायसेनचा मार्कग्राफ, म्हणजे सरहद्दीच्या प्रांताचा अधिपती, दुसरा एकेहार्ड हा तिचा नवरा. तो आणि त्याचा भाऊ हेरमान यांच्यामुळेच 1028 मध्ये बिशपचं धर्मपीठ झाइट्झ गावाहून इथे हललं आणि गावाचं नशीब पालटलं. मूलबाळ झालं नाही, 1046 मध्ये एकेहार्ड गेला आणि घराणं संपलं.

पुढे जवळपास दोनशे वर्षांनी एका शिल्पकाराने पश्चिमेच्या गाभाऱ्यात कॅथेड्रलच्या देणगीदारांचे बारा पुतळे उभे केले, त्यातच उटाचाही. त्याचं नावही कुणाला माहीत नाही आणि त्याने उटाला पाहिलेलं असणं तर शक्यच नाही! तरी बाई समोर उभी आहे असंच वाटतं. उजव्या हाताने झग्याची कॉलर गालापर्यंत ओढलेली, डाव्या हातात कापडाच्या चुण्या, नजर लांब कुठेतरी. शेजारी नवरा, पण मधे ती कॉलर. समोरची रेग्लिंडिस (हेरमानची पोलिश बायको) मात्र मस्त हसतेय. मला तीच जास्त आवडली, पण पोस्टकार्डांवर सगळीकडे उटाच.

नाझींनी याच चेहऱ्याला ‘आदर्श जर्मन स्त्री’ म्हणून मिरवलं होतं. संताप येतो. 2018 पासून कॅथेड्रल जागतिक वारसा यादीत आहे. जवळपास असाल तर जाच, आणि मान वर करून बघायची तयारी ठेवा, पुतळे बरेच उंचावर आहेत.