कर्नल स्वतःलाच का एन्क्रिप्ट करतं?

‘एएमडीच्या एसएमईमध्ये (सिक्युअर मेमरी एन्क्रिप्शन) मेमरी एन्क्रिप्ट करायचं काम हार्डवेअरच करतं, मग बूट होताना लिनक्स कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) एवढी खटपट कशाला?’ हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो.

पेज टेबलच्या (मेमरीचं कुठलं पान कुठे आहे हे सांगणाऱ्या तक्त्याच्या) नोंदीत पत्त्याचा एक बिट (एएमडीच्या पहिल्या एपिक सर्व्हर प्रोसेसरांत ४७वा) राखून ठेवलेला असतो, तो सी-बिट. तो लावला की त्या पानावर लिहिलेलं मेमरी कंट्रोलरमध्ये एईएस-१२८ने एन्क्रिप्ट होतं आणि वाचताना डिक्रिप्ट होतं. पण बिट लावल्यानं मेमरीत आधीच पडलेला मजकूर बदलत नाही. बूटलोडरनं कर्नल साधंच ठेवलेलं असतं. ते सी-बिट लावून वाचलं, तर साधे बाइटच डिक्रिप्ट होतात आणि हाती कचरा येतो.

म्हणून कर्नल आणि इनिटआरडी (बूटच्या वेळची तात्पुरती फाइल सिस्टिम) जागच्या जागी एन्क्रिप्ट करावे लागतात. त्याच भौतिक जागेची दोन मॅपिंग करतात: एक सी-बिटसह, दुसरं सी-बिटविना आणि राइट-प्रोटेक्ट. मग २ एमबीचा तुकडा साध्या मॅपिंगमधून मधल्या बफरमध्ये घ्यायचा, आणि तिथून एन्क्रिप्टेड मॅपिंगमधून मूळ जागी लिहायचा. त्याआधी डब्ल्यूबीइन्व्हीडी या प्रोसेसर-सूचनेनं कॅशे रिकामी करणं अजिबात चुकवू नका. दोन मॅपिंगमधल्या कॅशे लाइन एकमेकींशी जुळत्या राहतील याची हमी नाही. जुनी डर्टी लाइन (कॅशेत बदललेली, पण मेमरीत अजून न लिहिलेली) उशिरा मेमरीत उतरली, तर नव्या मजकुरावर पाणी फिरतं. कॉपी करणारा कोडही आधी कर्नलबाहेरच्या पानावर हलवतात, कारण कर्नलची पानं तर बदलतच असतात.

सगळ्यात त्रासदायक भाग हाच. या टप्प्यावर कन्सोल नसतो. चूक झाली की मशीन काही न सांगता अडकतं किंवा रीसेट होतं.

पुढे उलट काळजी घ्यावी लागते. बूट पॅरामीटर आणि एसीपीआयची (हार्डवेअरची माहिती देणारी) टेबलं फर्मवेअर-बूटलोडरनं साधीच लिहिलेली असतात. ती सी-बिटविना मॅप केली नाहीत, तर सही आणि चेकसम जुळत नाहीत. डीएमएनं, म्हणजे प्रोसेसरला वगळून, थेट मेमरी वापरणाऱ्या पण ३२ बिटांचाच पत्ता देणाऱ्या उपकरणाला ४७वा बिट लावताच येत नाही. तिथे आयओएमएमयू (उपकरणांचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) किंवा एसडब्ल्यूआयओटीएलबीचे (कर्नलचे मधले, साधे) बफर लागतात. एसईव्ही (व्हर्च्युअल मशीनची मेमरी एन्क्रिप्ट करणारी एएमडीची सोय) वापरणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये कर्नल आधीच एन्क्रिप्टेड असतं, त्यामुळे तिथे डीएमएची पानं उघडी (सी-बिटविना) करणं हेच मुख्य काम.

करून बघायचं असेल तर कर्नल कमांड लाइनला ‘मेम_एन्क्रिप्ट=ऑन’ द्या (अर्थात रोमन लिपीत). मात्र बायोसनं सिसकॉन्फिग एमएसआरचा (प्रोसेसरमधल्या एका नियंत्रण-रजिस्टरचा) २३वा बिट लावलेला नसेल, तर कर्नल एसएमई चालू करत नाही. आधी बायोस तपासा, मग डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) ‘एएमडी मेमरी एन्क्रिप्शन ॲक्टिव्ह’ अशा अर्थाची ओळ शोधा.