घरभेटींचं गणित

चर्चची मंडळी 120 कुटुंबांची आणि पाळक (पास्टर) एक. आठवड्याला चार घरं केली तरी एक फेरी पुरी व्हायला 30 आठवडे लागतात. त्यात लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ), लग्नसराई आणि नाताळ आला की वर्ष सरलंच. मग होतं काय, ज्या घरी चहा-गप्पा रंगतात तिथे पाळकसाहेब तीनदा, आणि गल्लीच्या टोकाच्या आजींकडे फक्त कॅरोलच्या (नाताळगीतांच्या) रात्री. यासाठी साधी वही ठेवावी: घर, तारीख, पुढची भेट. घरातलं दुखणं मात्र त्यात लिहू नये. वही कुणाच्याही हाती पडते.

दवाखान्यात दहा मिनिटं पुरतात. उभ्याउभ्या बोलू नये, स्टूल ओढून बसावं. "प्रार्थना करू का?" असं आधी विचारावं. बायबलमधलं स्तोत्र 23 किंवा 121, मग दोन-चार वाक्यांची प्रार्थना. खरा घोटाळा रविवारी होतो: पुलपिटावरून (प्रवचनाच्या व्यासपीठावरून) नावानिशी आजार जाहीर! प्रार्थनेच्या नावाखाली बातमी दुपारपर्यंत गावभर. नाव घ्यायचं तर परवानगी घ्या.

दफनाला गर्दी असते, महिन्याभराने घरात कुणी फिरकत नाही. म्हणून पहिला महिना, पहिला नाताळ आणि वर्षाची तारीख वहीत त्याच दिवशी टाकावी.

अर्पण (उपासनेत जमलेलं दान) मोजायला पाळकाने बसूच नये. कमिटीतल्या दोघांनी मोजावं, जागेवरच सह्या कराव्यात, सोमवारी खजिनदाराने बँकेत भरावं. पाळकाचा सोमवार मोकळा, दफन सोडून.