शिडीला टॅग मिळेपर्यंत

लोअर परळच्या एका टॉवरमध्ये कॅमेरे आणि त्यांची वायरिंग बदलायचं काम घेतलं होतं. हाइट वर्कचं परमिट, पोरांच्या विम्याचे कागद, मेडिकलमध्ये बीपी आणि चक्कर येते का याची तपासणी, हे सगळं बिनबोभाट झालं. अडली ती शिडी.

शिडी चांगली होती. नागदेवी स्ट्रीटवरून घेतलेली फायबरची घोडा शिडी, १५० किलोचा स्टिकर शाबूत. फॉल्स सीलिंगमध्ये चालू वायरी असतात, तिथे ॲल्युमिनियमची शिडी नेणं म्हणजे शॉकला आमंत्रण. म्हणून मुद्दाम जास्त पैसे टाकले होते. (फायबरची शिडीही पावसात भिजलेली, चिखलाची तशीच विजेजवळ लावू नका. आधी पुसून कोरडी करा.)

गेटवर वॉचमन म्हणाला, "दादा, टॅग कुठाय?" टॅग म्हणजे शिडी तपासून पास केल्याची खूणचिठ्ठी, ती वरच्या सेफ्टी ऑफिसातून मिळते. वर गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, साहेब शिडी बघितल्याशिवाय टॅग देत नाहीत. मग आणतो वर. तर टॅगशिवाय शिडी गेटच्या आत येत नाही! बरं, साहेबांना खाली पाठवा. साहेब तीन ते पाच भेटतात. आणि सामान आत घ्यायचं गेट दोनला बंद. हे सगळं तो इतक्या शांतपणे सांगत होता की मलाच वाटायला लागलं, आपलंच काहीतरी चुकतंय.

बाहेर टेम्पोवाला वेटिंग लावून बसलेला, वरून पाऊस. दुसऱ्या खेपेला मी शिडीचे फोटो घेऊन गेलो, तर फोटो चालत नाहीत. पुढच्या वेळी बिल नेलं. तेव्हा त्यांनी एक फॉर्म काढला. त्यात 'आयएस ३६९६ भाग २ प्रमाणे' अशी ओळ होती. हे शिड्यांचं १९९१ चं भारतीय मानक. काउंटरवर विचारलं, यातलं नेमकं काय तपासता? उत्तर आलं, "ते साहेबांना माहीत." आणि हे चालू असताना त्यांच्याच हाउसकीपिंगचा माणूस लॉबीत बल्ब बदलत होता. त्याच्या शिडीचा एक पाय तारेने बांधलेला, खाली धरायला कोणी नाही. तिला टॅग होता. मागच्या तिमाहीच्या रंगाचा. (दर तिमाहीला टॅगचा रंग बदलतो. जुना रंग म्हणजे तपासणी शिळी.) मी बोट दाखवलं तर काउंटरवरचा म्हणाला, "ते इनहाउस आहे."

शेवटी गाडी हलली ती क्लायंटच्या ॲडमिन मॅडममुळे. त्यांनी बिल्डिंगला मेल टाकला: काम रखडलंय, शिडी कुठे आणि कधी तपासणार ते कळवा. ठेकेदार तासन्‌तास उभा राहिला तरी फरक पडत नाही, भाडेकरू कंपनीच्या मेलला उत्तर द्यावंच लागतं. तुम्ही पहिल्याच दिवशी मेल टाकायला लावा, त्यात सामानाच्या गेटची वेळही लिहा.

साहेब लोडिंग बेमध्ये आले. राग होता, पण माणूस कामाचा निघाला. शिडी आडवी टाकून एका टोकाकडून बघितली, बाजू वाकल्यात का. पायऱ्या हाताने पिळून पाहिल्या, रिव्हेट, रबरी बूट, फायबरचे धागे सुटलेत का तेही बघितलं. मग उभी करून मधल्या पट्ट्या पूर्ण उघडून लॉक होतात का ते पाहिलं. माझ्या पोराला विचारलं, "घडी करून भिंतीला टेकवशील?" तो नाही म्हणाला. "वरच्या दोन पायऱ्यांवर उभा राहशील?" तो परत नाही म्हणाला. मला मनातून बरं वाटलं, हे मी त्याला आधीच घोकवलं होतं. मग चढायला लावलं. तोंड शिडीकडे, दोन पाय आणि एक हात, नाहीतर दोन हात आणि एक पाय कायम टेकलेले. हत्यारांची पिशवी नंतर दोरीने वर घेतली. दहा-पंधरा मिनिटांत टॅग. एवढ्यासाठी हा सगळा तमाशा!

जाता जाता त्यांनी टेकवायच्या शिडीचंही विचारलं, कारण गच्चीवर एक कॅमेरा होता. बारा फुटांवर टेकणार असेल तर पाया भिंतीपासून तीन फूट, म्हणजे चारास एक. गच्चीच्या कडेच्या वर निदान तीन फूट शिडी निघायला हवी आणि वरचं टोक बांधायचं. बांधून होईपर्यंत खाली माणूस धरून. रंगवलेली लाकडी शिडी आणू नका, रंगाखाली तडा दिसत नाही, ते सरळ परत पाठवतात.

आमचा टॅग सप्टेंबरअखेर बाद होतो, आणि एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राटही आता आमच्याकडेच आलंय. म्हणजे ऑक्टोबरात परत तोच काउंटर. पण शिडी त्यांच्याच स्टोअरमध्ये साखळीने बांधून ठेवली आहे, पावती घेतली आहे. गेटचा प्रश्नच ठेवला नाही.