पाच जणांत वाटलेली लढाई : ‘गोरेंजर’चे सुरुवातीचे भाग पुन्हा पाहताना

‘हिमित्सु सेंताई गोरेंजर’ ही पाच रंगांच्या पाच वीरांची, पुढच्या एका लांबलचक परंपरेचे मूळ ठरलेली जपानी मालिका मी पहिल्यांदा पाहिली ती हाती लागतील तसे, मागचेपुढचे भाग घेऊन. या वेळी पहिल्या भागापासून क्रमाने पाहायचे ठरवले आणि तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच माझ्या आठवणीतली एक मोठी चूक उघडी पडली. लढाई रंगात आली की राक्षस डोंगराएवढा होतो, पाचही जण आपापली वाहने जोडून एक अवाढव्य यंत्रमानव उभा करतात आणि त्याच्या तलवारीच्या एका घावाने सगळे संपते, असे मला अगदी पक्के आठवत होते. प्रत्यक्षात ‘गोरेंजर’च्या ८४ भागांत असला यंत्रमानव एकदाही येत नाही. तो या परंपरेत आला १९७९ मध्ये, ‘बॅटल फीव्हर जे’ या मालिकेत, आणि वाहने जोडून यंत्रमानव तयार करण्याची तऱ्हा तर १९८१ च्या ‘सन वल्कन’पासूनची. नंतरच्या मालिका आणि त्यांच्यावरून अमेरिकेत १९९३ पासून निघालेले ‘पॉवर रेंजर्स’ पाहून पाहून मी या मूळ मालिकेला परस्पर यंत्रमानव बहाल करून टाकला होता.

चूक लक्षात आल्यावर पाहण्याची नजरच बदलली. यंत्रमानव नाही, दरवर्षी नवे कथासूत्र घेऊन येणारी परंपरा अजून जन्मालाही आलेली नाही, आणि पाच रंगांचे पाच वीर पडद्यावर कसे वावरतात याचा कोणताही ठरलेला पाठ उपलब्ध नाही. अशा वेळी त्यांनी नेमके काय केले, हे पाहण्यात मला कथेपेक्षा जास्त गोडी वाटू लागली.

मालिका सुरू झाली ती ५ एप्रिल १९७५ या दिवशी, शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजता, एनईटी या वाहिनीवर. पुढे १९७७ मध्ये हीच वाहिनी टीव्ही असाही या नावाने ओळखली जाऊ लागली. मालिकेच्या जन्माची हकिकत मोठी गमतीची आहे. तोपर्यंत ‘कामेन रायडर’ ही मुखवटाधारी नायकाची मालिका एनईटीवर दिसत असे, पण ती होती ओसाकाच्या मैनिची ब्रॉडकास्टिंगची. मार्च १९७५ च्या अखेरीस जपानमधल्या प्रक्षेपण जाळ्यांची फेररचना झाली, मैनिचीने एनईटीची साथ सोडून टीबीएस या दुसऱ्या वाहिनीशी घरोबा केला आणि जाताना ‘कामेन रायडर’ही सोबत नेला. हातचा नायक गेल्यामुळे एनईटीला नवा नायक हवा होता, तो तोएई या निर्मितीसंस्थेने आणि चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी यांनी दिला. म्हणजे ‘कामेन रायडर’ ज्यांनी दिला होता, त्यांनीच. त्याच ५ एप्रिलला सात वाजता टीबीएसवर ‘कामेन रायडर स्ट्राँगर’ सुरू झाला आणि साडेसातला एनईटीवर ‘गोरेंजर’. तिथल्या मुलांना त्या संध्याकाळी वाहिनी बदलण्यापलीकडे काही कष्ट पडले नसावेत.

‘कामेन’ म्हणजे मुखवटा. रायडर हातचा गेलेल्या वाहिनीच्या या नव्या मालिकेत मुखवटा मिळाला तो खलनायकांना. काळ्या क्रुसाची सेना ही इथली शत्रुसंघटना. तिचा सर्वोच्च नेता पांढऱ्या टोकदार बुरख्यात असतो आणि तिचा प्रत्येक राक्षस कुठला ना कुठला ‘कामेन’ असतो. पहिल्या भागात सुवर्ण मुखवटा, मग कांस्य मुखवटा, पुढे हिरवा पाचू वाटावा असा जेडचा मुखवटा. हे कुणी मुद्दाम केले असेल असा माझा दावा नाही, पण पाहताना दर वेळी हसू येते.

पहिला भाग मात्र हसण्यासारखा मुळीच नाही. ईगल नावाच्या आंतरराष्ट्रीय संरक्षण संघटनेच्या जपानमधल्या पाच शाखा, म्हणजे होक्काइदो, तोहोकु, कांतो, कान्साई आणि क्युशू येथील तळ, काळ्या क्रुसाची सेना एकाच वेळी उद्ध्वस्त करते. प्रत्येक तळावर एकच जण वाचतो. कांतोचा त्सुयोशी काइजो तर स्वतःचा भाऊही त्या हल्ल्यात गमावतो. हे पाच उरलेले लोक एकत्र येतात तेव्हा ते एकमेकांचे मित्र नाहीत, नातेवाईक नाहीत, नियतीने निवडलेले वगैरेही नाहीत. पाच वेगवेगळ्या तुकड्यांच्या शेवटच्या पानावर उरलेली ही पाच नावे आहेत. नंतरच्या कित्येक मालिकांत ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे वाक्य इतक्या वेळा येते की त्याचा कंटाळा यावा. इथे ते कुणी म्हणत नाही. सुरुवातीच्या भागांत हे पाच जण एकमेकांशी बोलतात ते कामापुरते, हेरांनी बोलावे तसे, आणि त्या कोरडेपणातच मला त्यांच्या दुःखाची खूण दिसते. भाऊ गमावलेला माणूस दुसऱ्याच भागात कामाला लागलेला पाहणे आज थोडे खटकते, हेही खरे. लेखकाला शोकासाठी वेळ नव्हता. चोवीस-पंचवीस मिनिटांत एक राक्षस मारायचा होता.

आता मूळ मुद्दा. एकट्या नायकाची मालिका करणे तुलनेने सोपे असते. तो येतो, लढतो, जिंकतो, आणि कॅमेऱ्याला कुणाकडे पाहायचे हे ठाऊक असते. पाच जण आले की पहिला प्रश्न ओळखीचा आणि दुसरा वाटणीचा. शिरस्त्राण चढवले की चेहरा गेला, डोळे गेले, ओठांची हालचाल गेली. मग बोलते कोण आहे हे प्रेक्षकाला कळावे कसे? यावर ‘गोरेंजर’ने काढलेला तोडगा या वेळी मी जवळून न्याहाळला. बोलणारा वीर प्रत्येक शब्दाबरोबर मान हलवतो, हात छातीशी नेतो किंवा बोट रोखतो, आणि तेवढा वेळ बाकीचे चौघे जवळजवळ पुतळ्यासारखे उभे राहतात. एका भागात मी आवाज बंद करून पाहिले, तरीही कोण बोलते आहे ते प्रत्येक वेळी ओळखता आले. प्रथमदर्शनी बालिश वाटणारे ते हातवारे म्हणजे चेहरा नसलेल्या अभिनयाचे व्याकरण आहे.

रंगांचे कामही ओळख पटवण्याचेच. १९७५ पर्यंत जपानमधल्या दहापैकी नऊ घरांत रंगीत दूरचित्रवाणी संच पोहोचला होता. त्यामुळे माणूस रंगावरून ओळखायचा ही कल्पना व्यवहारात टिकणारी होती. नावेही तितकीच सरळ. आका म्हणजे लाल, आओ निळा, की पिवळा, मोमो म्हणजे पीच या फळाचा गुलाबी रंग, आणि हिरव्यासाठी असलेल्या मिदोरी या शब्दाचे शेपूट छाटून केलेले मिदो. त्यापुढे इंग्रजी ‘रेंजर’ चिकटवले की आकारेंजर, आओरेंजर, किरेंजर, मोमोरेंजर, मिदोरेंजर. ‘गो’ म्हणजे पाच, म्हणून सगळे मिळून गोरेंजर. (जपानी बोलीत सिग्नलच्या हिरव्या दिव्यालाही ‘आओ’च म्हणतात, त्यामुळे निळा आणि हिरवा हे दोघे वेगळे ठेवण्यात थोडी जोखीम होती, असे मला उगाचच वाटून जाते.)

पाचही जण रांगेत उभे राहून आपापले नाव पुकारतात तो प्रसंग परंपरेची सही होऊन बसला आहे. त्याचे मूळ अनेकदा काबुकी रंगभूमीत दाखवले जाते. कावाताके मोकुआमी यांच्या १८६२ च्या एका नाटकात पाच चोर एका ओळीत उभे राहून, एकामागून एक, लयबद्ध गद्यात स्वतःची ओळख करून देतात. जपानी प्रेक्षकाच्या कानाला ही चाल पिढ्यानपिढ्या सवयीची होती. आपल्याकडच्या तमाशातही पात्र येते आणि आपण कोण ते सांगूनच पुढे सरकते, म्हणून असेल, मला ते दृश्य कधी परके वाटले नाही. वेढा घातलेले सैनिक ही नामावळी संपेपर्यंत थांबतात, यावर हसणारे हसोत.

मात्र वाटणीचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटतो तो ‘गोरेंजर स्टॉर्म’मध्ये, आणि माझ्या मते या मालिकेचा खरा शोध पाच रंग हा नसून हा चेंडू आहे. शेवटच्या घावासाठी मोमोरेंजर एक स्फोटक चेंडू बाहेर काढते. तो तिच्याकडून पुढच्याकडे, त्याच्याकडून त्याच्या पुढच्याकडे असा सहकाऱ्यांत फिरतो, आणि शेवटी आकारेंजर लाथ मारून तो राक्षसावर धाडतो. युद्धशास्त्राच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा आहे. बॉम्ब हातात आहे, शत्रू समोर आहे, मग तो आधी चार जणांकडून का फिरवायचा? पण पाहणाऱ्याच्या दृष्टीने त्यात चोख हिशेब आहे. अखेरची लाथ नायकाची असली तरी तिथवर चेंडू पोहोचवण्यात प्रत्येकाचा हात लागलेला असतो, त्यामुळे ज्या मुलाचा आवडता वीर हिरवा किंवा पिवळा आहे त्यालाही आपल्या माणसाने राक्षस मारला असे म्हणता येते. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, तसा इथे विजय पाचांच्या हाती लागतो. नंतरच्या यंत्रमानवात पाच जण आसनांवर बसून कळा दाबतात, तेव्हा वाटणी झाल्याचे मला सांगितले जाते. चेंडू फिरताना ती दिसते.

वाहनांतही हाच हिशेब आहे. पाच जणांना मोटारसायकली तीनच. लाल गाडीवर आकारेंजर एकटा, निळ्या गाडीच्या जोडगाडीत मोमोरेंजर आणि हिरव्या गाडीच्या जोडगाडीत किरेंजर. खर्च वाचवण्यासाठी तसे केले असेल तर असो, पण चाकांवरही कुणीतरी कुणाच्या तरी भरवशावर बसलेले आहे हे चित्र मला आवडते. सगळ्यांना एकदम नेण्यासाठी व्हारिब्लून नावाचे विमान आहे. त्याची प्रतिकृती दोरांवर किंचित डुलते आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

माणसांविषयी थोडे. आओरेंजर झालेले हिरोशी मियाउची हे १९७३ मध्ये ‘कामेन रायडर व्ही३’चे नायक होते, आणि ते चटकन दिसते, दुय्यम स्थानावर उभे असतानाही त्यांची मान नायकाचीच असते. धनुष्य हाती आले की ते कॅमेऱ्याकडे ज्या ऐटीत वळतात, त्यावरून नाओया माकोतो यांना लाल रंग मिळाला आहे हे विसरायला होते. लिसा कोमाकी यांची पेगी मात्सुयामा ही स्फोटकांची तज्ज्ञ. तिला वाचवावे लागते असे क्वचितच होते, आणि शेवटच्या घावाची सुरुवात तिच्याकडूनच होते. दिग्दर्शनाची नजर तिच्यावर कधी कधी नको तितकी रेंगाळते, आणि ईगलच्या इतर स्त्री हेरांना निरोप पोहोचवणे व संकटात सापडणे याखेरीज फारसे काम मिळत नाही, ही माझी नाराजी मात्र नोंदवून ठेवतो.

गुप्त तळ आहे ‘गोन’ नावाच्या छोट्या उपाहारगृहाखाली, आणि वर गल्ल्यावर उभा असलेला मालक म्हणजे खुद्द सेनापती एदोगावा. या जागेमुळे मालिकेला श्वास घ्यायला उसंत मिळते. इथेच क्युशूच्या बोलीत मोठ्याने बोलणारा, धिप्पाड दाइता ओइवा, म्हणजे किरेंजर, करी-भाताच्या थाळ्यांमागून थाळ्या फस्त करत असतो. पिवळा वीर म्हणजे खादाड आणि गमत्या, हा समज पुढे इतका पसरला की तो सगळ्या परंपरेचा नियम असावा असे लोकांना वाटते. वास्तविक त्याची सुरुवात बाकु हाताकेयामा या एका नटाच्या देहबोलीतून झाली. त्यांचा ओइवा विदूषक नाही. हसताहसता तो एकदम गप्प होतो, आणि क्युशूच्या तळावरून आपण एकटेच वाचलो आहोत हे त्याला पुन्हा आठवले असावे असे वाटते.

सुरुवातीच्या भागांतला हा गंभीर सूर टिकणार नाही, हे मला आधीच ठाऊक आहे. पुढे मुखवटे बदलत जातात. सोने, कांसे, जेड यांच्या जागी रेल्वे इंजिनाच्या डोक्याचा, बेसबॉलच्या चेंडूचा, डबे उघडण्याच्या चावीचा राक्षस येतो, आणि चेंडूही प्रत्येक राक्षसाच्या दुखऱ्या जागेप्रमाणे रूप बदलू लागतो. इशिनोमोरी यांनी साप्ताहिकात चालवलेली याची चित्रकथा तर शेवटी स्वतःचेच विडंबन होऊन बसली. प्रेक्षकांना तो विनोदी काळ अधिक प्रिय आहे आणि तो काही वाईट नाही, पण जेडचा मुखवटा घातलेला मारेकरी धुक्यातून चालत येतो तेव्हा वाटणारी भीती इंजिनाच्या डोक्याला कधीच साधत नाही.

आजवर ११ भाग झाले. पंचावन्नाव्या भागात ओइवाच्या जागी कुमानो नावाचा दुसरा किरेंजर येईल आणि सदुसष्टाव्या भागात मारला जाईल, तेही त्या डबे उघडणाऱ्या राक्षसाकडून. मग ओइवा परत येईल. हाताकेयामा स्वतः १९७८ मध्ये, मालिका संपल्यावर जेमतेम सव्वा वर्षाने गेले. हे सगळे पुढचे आहे. बाराव्या भागाला अजून हात लावलेला नाही, आणि तूर्त ओइवा ‘गोन’मध्ये बसून आणखी एक थाळी मागतो आहे.