इतकी इंग्रजी बायबले असताना आणखी एक कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. अलिबागेत चर्चच्या आवारात, लग्नाच्या पंगतीत आणि मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या लाँचवरही मला एकच प्रश्न विचारला जातो: इंग्रजीत इतकी बायबले असताना मी निवृत्तीनंतरची वर्षे आणखी एका शब्दशः इंग्रजी भाषांतरात का घालतो आहे, आणि करायचेच तर मराठीत का करत नाही? एका जुन्या विद्यार्थ्याने तर, “सर, इंग्रजांना त्यांचं बायबल कळेनासं झालं काय?” असेही विचारून पाहिले.

मराठीचे आधी सांगतो, कारण ते लवकर संपते. मिशनरी विल्यम केरी यांच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार निघाला. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खे बायबल मराठीत आणले आणि १९२२ मध्ये मृत्यूच्या अगदी आधी ते काम पुरे केले. आमच्याच किनाऱ्यावरच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ तर हल्लीचे आहे. मराठी वाचकाला वाचण्यासाठी बायबल उणे नाही. माझा वाचक वेगळा आहे. आपल्या छोट्याशा बोलीत बायबल नेऊ पाहणाऱ्या भाषांतरकाराला बहुधा हिब्रू-ग्रीक येत नाही. तो इंग्रजी आणि हिंदी आवृत्त्या समोर मांडून काम करतो. शनिवारी रात्री उद्याच्या प्रवचनाची तयारी करणाऱ्या पाळकाचीही तीच गत असते. समोरच्या पाच आवृत्त्या पाच गोष्टी सांगू लागल्या की मुळात काय आहे आणि कोणी काय घातले, हे त्याला कळायला हवे. माझे भाषांतर तेवढ्यासाठी आहे. ते उपासनेत मोठ्याने वाचू नये, असे मी स्वतःच सांगतो.

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातले आठवे वचन घ्या. काइन आपला भाऊ हाबेल याला म्हणाला, एवढे हिब्रू पाठात आहे. काय म्हणाला ते मात्र नाही, आणि लगेच पुढे ते दोघे शेतात असताना काइन भावावर उठून त्याला ठार करतो. शोमरोनी पंथाने जपलेल्या पंचग्रंथात (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत) आणि प्राचीन ग्रीक भाषांतरात त्या जागी ‘आपण शेतात जाऊ’ अशा अर्थाचे वाक्य सापडते. १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीने ‘काइन हाबेलाशी बोलला’ असे लिहून ही जागा बुजवली. आजच्या अनेक आवृत्त्या ते ग्रीकमधले वाक्य मजकुरात घेतात आणि खाली तळटीप देतात. दोन्ही मार्ग वाचकाच्या सोयीचे आहेत आणि दोन्हींमागे विद्वत्ता आहे. तरी माझ्या भाषांतरात वाक्य तुटलेलेच राहते. ते बोलणे लेखनिकाच्या हातून गळले की मुळातच लिहिलेले नव्हते, याचा निवाडा भाषांतरकाराने वाचकाच्या वतीने परस्पर करू नये, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या शमुवेलाच्या तेराव्या अध्यायाचा आरंभ याहून अडचणीचा आहे. हिब्रू शब्द जसेच्या तसे घेतले तर शौल राजा झाला तेव्हा एक वर्षाचा होता आणि त्याने इस्राएलावर दोन वर्षे राज्य केले. नकला करताना आकडा हरवला असणार, हे उघड आहे. न्यू इंटरनॅशनल आवृत्तीत तुम्हाला तिथे वय ३० आणि राज्यकाल ४२ वर्षे असे नीटनेटके आकडे मिळतील. त्यातले ३० हे काही उशिराच्या ग्रीक हस्तलिखितांतून आले आहेत, आणि ४२ मधल्या ४० ला आधार आहे तो नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील उल्लेखाचा. मी ‘एक वर्षाचा’ हेच ठेवतो. वाचक दचकतो, दचकून तळटिपेकडे जातो, आणि मला तेच हवे असते.

मुळात नसलेले, भाषांतरकाराने घातलेले पदरचे शब्द वेगळ्या छपाईत दाखवण्याची प्रथा जुनी आहे; किंग जेम्स आवृत्तीत पुढे ते तिरप्या अक्षरांत छापले जाऊ लागले. गंमत अशी की आज तिरपे अक्षर जोर देण्यासाठी वापरतात. पहिल्या राजांच्या तेराव्या अध्यायात म्हातारा संदेष्टा मुलांना गाढवावर खोगीर घालायला सांगतो आणि ‘त्यांनी त्याच्यावर घातले’ यातला ‘त्याच्यावर’ तिरपा छापलेला आहे. जोर देऊन वाचले तर मुलांनी बापावरच खोगीर चढवले असे वाटते. म्हणून मी साधे चौकोनी कंस वापरतो.

मराठी माणसाने इंग्रजी भाषांतरात हात का घालावा, याचे उत्तर मला काम करता करताच मिळाले. आजच्या इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकच. लूकच्या बाविसाव्या अध्यायात येशू शिमोनाला सांगतो की सैतानाने तुम्हा सर्वांना गव्हासारखे चाळायला मागितले आहे, पण मी प्रार्थना केली ती तुझ्यासाठी. हा अनेकांवरून एकावर येणारा रोख चालू इंग्रजीत दिसतच नाही. गीतरत्न या बायबलमधल्या प्रेमकाव्यात तर हिब्रू ‘तू’ पुरुषाला वेगळा आणि स्त्रीला वेगळा आहे, त्यामुळे कोण कोणाशी बोलते आहे ते रूपावरूनच कळते. इंग्रजी आवृत्त्यांना त्यासाठी मथळे घालावे लागतात. ‘आलास’ आणि ‘आलीस’ यांत वाढलेल्या कानाला ही उणीव लगेच टोचते. जुन्या इंग्रजीतल्या ‘दाऊ’ने एकवचन तरी राखले होते, पण ते परत आणले की सगळे पुस्तक पोषाखी होते. म्हणून मी अनेकवचनी ‘यू’वर बारीक खूण करतो आणि स्त्रीलिंगाची नोंद समासात देतो. दिसायला ते सुंदर नाही.

शब्दशः म्हणजे कुठपर्यंत, यालाही मर्यादा आहे. १८६२ चे शब्दशः भाषांतर करणारे एडिंबरोचे रॉबर्ट यंग हे त्याआधी काही वर्षे सुरतेच्या मिशन छापखान्याचे प्रमुख होते, म्हणजे आपल्या किनाऱ्याला अगदीच परके नव्हते. हिब्रू क्रियापदांविषयीच्या त्यांच्या मतामुळे घडून गेलेली कथाही त्यांच्या इंग्रजीत वर्तमानकाळात चालते: ‘अँड गॉड सेथ’, म्हणजे ‘आणि देव म्हणतो’. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे, पण तो व्याकरणविचार मला पटत नाही. कथेचा भूतकाळ मी भूतकाळातच ठेवतो.

हिब्रू इथे कुठे शिकलात, असेही विचारतात. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, परंपरा आहे, आणि त्यांच्यासाठी मुंबईतले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले होते. मला अक्षरे गिरवायला लावली ती रेवदंड्याच्या एका वृद्ध बेने इस्राएल गृहस्थांनी. पुढचे शिक्षण पुस्तकांतून झाले. एकट्याने एवढे काम होईल का, या शंकेला ज्युलिया स्मिथ यांचे नाव पुरे: त्यांनी अमेरिकेत एकटीने केलेले शब्दशः भाषांतर १८७६ मध्ये स्वखर्चाने छापले.

मजकुरावर मी हक्क राखणार नाही. आजच्या बहुतेक नामांकित आवृत्त्यांतून ठरावीक वचनांपलीकडे उद्धृत करायला परवानगी लागते, आणि बोलीभाषेत काम करणाऱ्याला ती मागत बसणे परवडत नाही. कोणी मजकूर बदलला तर त्याला माझ्या भाषांतराचे नाव देऊ नये, एवढीच अट राहील. ईयोबाचे पुस्तक सध्या रेंगाळले आहे, कारण अन्यत्र कुठेच न आढळणारे शब्द त्यात फार आहेत. उत्पत्ती आणि रूथ मात्र कोणाला आताच ताडून पाहायचे असतील तर मागून घ्यावेत.